चाळीस पिशव्यांवरचा पत्ता

शीला आडे हिच्याबद्दल लिहायला बसलो आहे ते रागात. आधीच सांगून ठेवतो, म्हणजे पुढे आवाज चढला तर वाचकांनी दचकू नये. माझी तीस वर्षे फिरत्या नाटकमंडळीत गेली. माइक बंद पडला तरी शेवटच्या रांगेतल्या माणसाला वाक्य ऐकू गेले पाहिजे, या धाकात घसा तयार झाला. तो आता सत्तरीनंतर मऊ कसा होणार?

गेल्या महिन्यात एका दैनिकाच्या पुरवणीत अर्ध्या पानाचा लेख आला. दारव्हा तालुक्यातल्या तांड्यावर कशिदा काढणाऱ्या बंजारा बायकांना नागपूरच्या एका संस्थेने इंटरनेटवर 'सोपा, स्वच्छ, लक्षात राहणारा पत्ता' मिळवून दिला, असे त्यात छापले आहे. फोटो संस्थेच्या अमर सरांचा. कोटाला बिल्ला, मागे फुलांची कमान. ज्या बाईने ते काम बारा दिवसांच्या आत एकटीने केले तिचे नाव नाही. जिच्यासाठी केले तिचेही नाही. 'स्थानिक महिला' एवढेच. आमच्या मंडळीच्या जाहिरातीत नायक-नायिकेच्या खाली 'आणि इतर' असे छापत. मी नऊ वर्षे 'आणि इतर' होतो. त्या दोन शब्दांची चव मला ठाऊक आहे. म्हणून जे घडले ते ज्यांनी घडवले त्यांच्या नावांसकट सांगतो.

शीलाचे दुकान दारव्ह्याच्या बसस्थानकामागे आहे. सातबारा, पीकविमा, आधार, दाखले, सगळे ऑनलाइन करून देणारे आठ बाय दहाचे केंद्र. ती जन्मली जवळच्याच रूपसिंग नायकाच्या तांड्यावर. बी.ए. झाली, तहसीलमध्ये कंत्राटावर टायपिंग करत होती, कंत्राट संपले तेव्हा साहेबांनी शब्दानेही कळवले नाही. सोमवारी गेली तर खुर्चीवर दुसरे कोणी बसलेले. तिने घरी जाऊन रडण्याऐवजी त्याच आठवड्यात हे दुकान घेतले. नवरा लखन दारव्हा-दिग्रस रस्त्यावर काळीपिवळी चालवतो. वय चाळीस, आवाज खणखणीत, चष्मा नेहमी केसांत खोवलेला आणि तोच टेबलावर शोधत असणारी, अशी ही बाई.

माझी तिची ओळख मी जिवंत असल्याच्या दाखल्यापायी झाली. म्हाताऱ्या कलावंतांना सरकार थोडे मानधन देते, आणि दरवर्षी आपण अजून आहोत हे मशीनवर बोट ठेवून पटवून द्यावे लागते. मशीनने माझा अंगठा नाकारला. "मास्तर, मशीन म्हनते तुम्ही नाई," शीला म्हणाली. मी म्हणालो, "मी नाही तर हा बोलतोय कोण?" ती हसली, आणि एकेक करत माझी सगळी बोटे लावून पाहिली. डाव्या हाताच्या करंगळीजवळच्या बोटाला मशीनने मान दिला. अर्धा तास गेला होता. मागे सहा माणसे ताटकळत होती. त्यातला एक कुरकुरला तेव्हा तिने मान न वळवता उत्तर दिले, "तुमचं बोट नाई उमटलं तर तुमालेही अर्धा तास देईन काकाजी. बसा."

आता मानीबाई. रूपसिंग नायकाच्या तांड्यावर मानीबाईएवढा बारीक कशिदा कोणाचा नाही. पासष्ट वर्षांची बाई, अजून बिनचष्म्याची. शीला तिला 'याडी' म्हणते, म्हणजे आई, जरी ती तिची आई नव्हे. दिवसा सगळ्याच बायका कापूस वेचायला जातात. दुपारची भाकर झाली की धुऱ्यावर, म्हणजे शेताच्या बांधावर, झाडाखाली, सुई निघते. आरसे, कवड्या, रंगीत दोरे यांच्या पिशव्या. आणि त्या तांड्याची एक रीत आहे: पिशवीच्या आतल्या घडीत बाई आपली खूण टाकते. कोणी विंचू, कोणी तीन कवड्या, कोणी जात्याचा खुंटा. विकत घेणाऱ्याला ती दिसतही नाही. पण ज्या पिशवीत खूण नाही ती पिशवी कोणाच्याच हातची नाही, असे मानतात.

कोरोनाच्या वर्षी बाजार बंद पडले तेव्हा शीलाने इंटरनेटवर 'सुईदोरा' नावाची चावडी उभी केली. कट्ट्यावर बसून बोलावे तशी जागा: एकीने विचारायचे, दहाजणींनी सांगायचे. कोणता लाल दोरा धुतला की रंग सोडतो, आरसे कुठे स्वस्त मिळतात, अमुक टाक्याला तुमच्या आजी काय म्हणायच्या. प्रत्येक बाईचे आपले एक पान. त्या पानावर तिच्या पिशव्यांचे फोटो, आणि खाली गिऱ्हाइकांनी लिहायची जागा. यासाठीचे सॉफ्टवेअर फुकट मिळते, पण ते बसवायला डोके लागते. ते शीलाने व्हिडिओ पाहून पाहून मिळवले.

आपल्या नावाचे पान जगात कुठेतरी आहे, हे मानीबाईला कळले तेव्हा तिने ठरवले, आता विंचू बंद. आता आतल्या घडीत पानाचा पत्ता. शीलाने आपल्या कॉम्प्युटरच्या वरच्या पट्टीत जे दिसत होते ते छापून कागद तिच्या हातात दिला.

इथे चूक झाली. ती शीलाची होती, हे शीलाच सगळ्यांना सांगते.

तो पत्ता मी एकदा मोठ्याने वाचून पाहिला आहे. सुईदोरा डॉट इन, तिरपी रेघ, इंडेक्स डॉट पीएचपी, प्रश्नचिन्ह, मग इंग्रजीतली नऊ मोठी अक्षरे, बरोबरचे चिन्ह, मग सात एफ तीन बी शून्य नऊ डी असा बत्तीस खुणांचा मालगाडीसारखा डबा, मग अँडचे वेटोळे, टॉपिक बरोबर चारशे बारा टिंब शून्य. एकूण पंच्याहत्तर खुणा. मोठमोठी स्वगते मी एका दमात म्हटली आहेत. हा पत्ता म्हणताना मला दोनदा पाणी प्यावे लागले. त्यातला बत्तीस खुणांचा डबा तर पत्ता नव्हताच. शीला त्या दिवशी आत शिरली होती, त्या भेटीची ती तात्पुरती पावती होती. ती छापताना सोबत आली.

मानीबाईला इंग्रजी वाचता येत नाही. तिच्यासाठी ती नक्षी. तिने पाच ओळी पाडल्या, ओळीत पंधरा खुणा, आणि एकही टाका न चुकवता उतरवली. शेजारच्या सुखीबाईने विचारले होते म्हणे, "एवढं लांबलचक कायले व?" तर मानीबाई म्हणाली, "शीलानं लिहून देल्लं. त्यात उगाच काई राहीन काय?"

चाळीस पिशव्या तशा झाल्या. नागपूरच्या त्या संस्थेने त्या एका प्रदर्शनात नेल्या, विकल्या; वरच्या एक-दोन मानीबाईने आपल्याजवळ ठेवल्या. पुढे वर्षभराने, ज्या कंपनीच्या मशीनवर 'सुईदोरा' ठेवले होते तिने ते बंद केले, आणि शीलाला सगळे सामान दुसऱ्या कंपनीकडे हलवावे लागले. हलवताना सगळ्या पानांचे नंबर बदलले. चारशे बारा नंबर दुसऱ्याच कोणाला गेला. कापडावर शिवलेला नंबर मात्र कसा बदलणार?

गेल्या नोव्हेंबरात संस्थेने यवतमाळला मोठी कार्यशाळा ठेवली. भाड्याचे सभागृह, पडदा, पुष्पगुच्छ. स्वागतगीताला मला बोलावले आणि शाल-नारळ देऊन मंचावर बसवले. समोर दुसऱ्या रांगेत शीला, मानीबाई, आणि तांड्यावरच्या सात-आठ बायका, ठेवणीतले घागरे-कांचळ्या घालून. मानीबाईने जाताना लखनच्या गाडीत मला सांगितले होते, "मास्तर, माही पिशवी मोठ्या पडद्यावर दाखवनार हायेत म्हन्ते सर."

दाखवली. अमर सरांनी आधी पिशवीची बाहेरची बाजू दाखवली, टाळ्या. मग आतली घडी दाखवली. पाच ओळी, पडदाभर.

"आता ही गंमत बघा," सर म्हणाले. "हा आपल्या ग्रामीण भगिनींचा वेब-पत्ता. आपण टाइप करून बघू या का?"

त्यांच्या सहायकाने टाइप केला. दोन मिनिटे लागली. तेवढ्यात सभागृहात खसखस सुरू झाली होती. आणि पान उघडले. वर मोठ्या अक्षरात, महागावच्या कुणा बाईचा प्रश्न: 'शिलाई मशीनला खोबऱ्याचं तेल चालते काय?'

हशा, बाप्पा! नाटकात विनोदी नटाला मिळू नये असा. मागच्या रांगेतले लोक उभे राहून पडदा बघू लागले. सर म्हणाले, "म्हणूनच आपल्याला डिजिटल साक्षरतेची गरज आहे."

मानीबाई हसणाऱ्यांकडे वळून बघत होती. तिला वाटत होते, पडद्यावर काही गमतीचे आले असावे. आपल्याला वाचता येत नाही म्हणून कळत नाही. तिने शीलाला विचारले, "काय लिहेल हाय व?"

शीला उभी राहिली. "सर, चूक बाईची नाई. तिनं पंच्याहत्तरच्या पंच्याहत्तर अक्षरं बरोबर शिवली. कागद मी चुकीचा देल्ला. पानाचे नंबर बदलले ते मी तिले सांगतलं नाई. हसाचं असन तर माह्याकडे पाहून हसा."

"बसा मॅडम, बसा. मी कोणाला वैयक्तिक म्हणत नाही," सर म्हणाले, आणि पुढचे चित्र लावले.

आणि मी? मंचावर होतो. खांद्यावर शाल होती. ज्या घशाने मी माइकशिवाय दोन हजार लोकांना गप्प केले आहे, तो घसा त्या दिवशी बंद राहिला. मला वाटले, पाहुणा म्हणून आलो आहे, बरे दिसणार नाही. या गोष्टीत माझा सगळ्यात मोठा राग कोणावर आहे असे कोणी विचारले, तर अमर सर दुसऱ्या नंबरावर आहेत.

चहाच्या वेळी सरांनी बायकांना निर्णय सांगितला. बारा दिवसांनी नागपूरला मोठे प्रदर्शन. आता पिशव्यांच्या आत कोणी काही शिवू नये. संस्था आपला छापील बिल्ला पाठवेल, तो लावावा. त्यावर संस्थेचा पत्ता. "पत्ता कोण बघतो हो? लोक चौकोनी कोड स्कॅन करतात. सगळं आमच्याकडे येईल, आम्ही तुम्हाला कळवू."

परतीची वाट, लखनची गाडी. लाडखेड गाव मागे पडले तसे मानीबाईने पिशवीतून छोटी कात्री काढली, आणि जवळ असलेली एक पिशवी उलटी करून आतले टाके उसवायला लागली.

"याडी, काय करून राह्यली?" शीलाने तिचा हात धरला.

"लोकं हसून राह्यले ना. हसन्याची चीज घडीत कायले ठेवू?"

"मी दुरुस्त करतो."

"कापडावरचं कसं दुरुस्त करशीन? चाळीस घरी गेली थे. कोनाकोनाच्या घरी जाशीन?" मग कात्री मिटून म्हणाली, "त्यायचा बिल्ला लावाचा असन तर बाकीच्यायनं लावावा. मी नाई शिवत आता. खूण नाई तर पिशवी कोनाची?"

शीलाने तिच्याकडून बारा दिवस मागून घेतले. प्रदर्शनाच्या आधी चाळीसही पिशव्यांवरचा पत्ता मानीबाईच्याच पानावर उघडला पाहिजे, नाही तर ती सुई ठेवणार. मानीबाई एकदा बोलली की परत फिरत नाही, हे सगळ्या तांड्याला माहीत होते.

दुसऱ्या दिवशी मी दुकानात गेलो तेव्हा शीलाने मला एका वाक्यात समजावले: "मास्तर, नंबर देनं बंद, आता नाव देतो." त्या सॉफ्टवेअरमध्येच सोय होती. एका चौकटीत बरोबरची खूण केली की पत्त्यातले प्रश्नचिन्ह, वेटोळे, नंबर सगळे जाते आणि तिरप्या रेघेनंतर फक्त नाव उरते. शीलाने खूण केली. त्या क्षणी 'सुईदोरा'ची सगळी पाने बंद पडली. जे उघडावे तिथे एकच उत्तर: सापडत नाही.

कारण असे की नाव पाहून कोणत्या पानाकडे न्यायचे, ते कंपनीच्या मशीनलाही सांगावे लागते. त्यासाठी नियमांची एक फाईल ठेवायची असते. ती शीलाने लिहिली, ठेवली, तरी मशीन ऐकेना. तिने कंपनीला फोन लावला. तो संवाद मी समोर बसून ऐकला आहे.

"मॅडम, तुमच्या डेव्हलपरला फोन द्या."

"मीच करतो भाऊ ते."

"हो मॅडम, पण ज्यांनी वेबसाइट बनवली ते सर कुठे आहेत?"

"ते सर मीच आहो."

"मॅडम, तुमच्या प्लॅनमध्ये हे बसत नाही. मोठा प्लॅन घ्या."

"तुमच्याच पानावर लिहेल हाय, या प्लॅनमध्ये चालते म्हनून. वाचून दाखवू?"

पलीकडे संगीत सुरू झाले. पुन्हा लावला, पुन्हा 'तुमचे सर कुठे आहेत'. चार दिवसांत चार वेगवेगळ्या माणसांनी हा प्रश्न विचारला. पाचव्या फोनच्या वेळी ती मला म्हणाली, "मास्तर, तुम्ही बोला. दमदार आवाजात." मी राजाच्या भूमिकेतला आवाज काढून म्हणालो, "मी डेव्हलपर बोलतो आहे." पलीकडचा लगेच अदबीने म्हणाला, "सर, तुमची फाईल तपासतो." तपासली! मला ती फाईल कशाशी खातात ते ठाऊक नाही. पण माझ्या मिशीच्या आवाजाला तिथे मान होता, आणि जिला सगळे येत होते तिला नव्हता. मी फोन टेबलावर आदळला. शीला मात्र वहीत लिहून घेत होती. तो जे सांगत होता त्यात एक शब्द तिच्या कामाचा निघाला होता: फाईलचे 'नाव'.

त्या फाईलचे नाव टिंबाने सुरू होते, आणि अशा नावाची फाईल सहसा दिसत नाही, झाकलेली असते. शीलाने आपल्या कॉम्प्युटरवर ती लिहिली तेव्हा कॉम्प्युटरने नावाला गुपचूप मागून 'डॉट टीएक्सटी' असे एक शेपूट जोडले होते, आणि ते शेपूटही झाकून ठेवले होते. मशीनला त्या नावाची फाईल कधी मिळालीच नव्हती. शीलाने शेपूट उडवले. पाने पुन्हा सुरू झाली. सात दिवस गेले होते.

मग नावांची भांडणे. तांड्यावर सुखीबाई दोन. सॉफ्टवेअरने एकीला 'सुखीबाई' दिले आणि दुसरीला आपोआप 'सुखीबाई-दोन'. दुसरी दुकानात येऊन उभी राहिली. "मी दोन नंबरची काहून व? तिच्या आधी मी आली या तांड्यात लगीन होऊन!"

"मंग नवऱ्याचं नाव जोडू काय मावशी?"

"त्यानं सुईत दोरा ओवला काय कधी? कायले त्याचं नाव?"

शेवटी एक कवड्या चांगल्या बसवते आणि दुसरी आरसे, म्हणून 'सुखीकवडी' आणि 'सुखीआरसा' झाले. दोघी खूश. आता तांड्यावर लोक त्यांना त्याच नावाने हाका मारतात.

शीलाचा पारखायचा एक नियम होता, तो मला फार आवडला. पत्ता तयार झाला की ती मला द्यायची, आणि मी दुकानातून लखनला फोन करून तो वाचून दाखवायचा. लखन दिग्रसच्या स्टँडवर, मागे हॉर्न, कंडक्टरच्या हाका. त्याने एकदाच ऐकून बरोबर लिहिला तर पत्ता पास. पहिल्यांदा मी मुद्दाम जुना पत्ता वाचला. बत्तीस खुणांच्या डब्यात अर्ध्यावर आलो तर तो म्हणाला, "मास्तर, गाडी भरली, मी निघालो." फोन बंद. मग नवा वाचला: सुईदोरा डॉट इन, तिरपी रेघ, मानीबाई. "झालं? एवढाच?" तो म्हणाला. एवढाच. अठरा खुणा.

पण खरे काम पुढे होते: चाळीस पिशव्यांवरचा तो जुना पत्ता. जुना चारशे बारा मानीबाईचा, नवा चारशे बारा खोबरेल तेलवाल्या बाईचा. नियम लिहायचा तर चारशे बारा टाकणाऱ्याला दोघींपैकी कोणाकडे पाठवायचे? शीला दोन दिवस डोके धरून बसली. तिसऱ्या दिवशी मी गेलो तर चष्मा डोळ्यांवर होता, म्हणजे मोठीच बातमी.

"मास्तर, ज्याले लोकं हसले ना, थेच कामी आलं."

म्हणजे बत्तीस खुणांचा तो डबा. तो फक्त शिवलेल्या पत्त्यातच होता. नव्या कोणत्याही पत्त्यात नाही. शीलाने नियम लिहिला: पत्त्यात हा डबा दिसला की तो मानीबाईच्या पिशवीतून आला, त्याला सरळ मानीबाईच्या पानावर ने, डबा नसेल तर खोबरेलवालीकडे. मानीबाईने घरी उरलेली पिशवी आणली. मी एकेक खूण वाचत गेलो, शीला टाइप करत गेली. पान उघडले. वर मानीबाईचा फोटो, डोक्यावर पदर, नाकात फुली.

मानीबाईने पडद्याला बोट लावून पाहिले. "हे मी शिवलं म्हनून उघडलं?"

"हाव याडी. तू एकही टाका चुकली असती ना, तर नसतं उघडलं."

प्रदर्शनाला तीन दिवस होते. इथे पडदा पडला असता तर मी हा लेख रागात लिहिला नसता.

बातमी नागपूरला पोहोचली. अमर सरांचा फोन आला तेव्हा शीला तांड्यावर, मानीबाईच्या अंगणात होती, मीही होतो. तिने सगळ्यांना ऐकू जावे म्हणून स्पीकर लावला.

"मॅडम, उत्तम काम! आमच्या टीमला अभिमान आहे. आता एक छोटीशी गोष्ट करा. तुमच्या त्या नियमाने पत्ता कुठेही वळवता येतो ना? मग बायकांची सगळी नावं आमच्या संस्थेच्या पानावर वळवा. बाहेर कापडावर मानीबाईच राहील. आत ऑर्डर आमच्याकडे येईल. कोणाला काही कळणार नाही. टाका एकही बदलायचा नाही. तेवढं झालं की तुमचा नागपूरचा स्टॉल पक्का."

शीलाने अंगणात जमलेल्या बायकांकडे पाहिले. मग म्हणाली, "सर, नावं बायकांची हायेत. त्यायले इचारतो." आणि तिने सगळे गोरबोलीत, म्हणजे तांड्याच्या बंजारा बोलीत, समजावून सांगितले. लपवले काहीच नाही. नागपूरचा स्टॉल यावर अडला आहे, तेही सांगितले.

मानीबाईने ऐकून घेतले. "म्हन्जे मानूस माह्या नावावर बोट ठेवीन, अन् दार उघडल्यावर तिथं कोन बसलं राहीन?"

"अमर सर."

"मंग त्यायनंच शिवावं."

अंगणात असा हशा पिकला की कोंबड्या उडाल्या. दोघी सुखीबाया एकमेकींच्या पाठीवर थापा मारत होत्या. फोनमधून "हॅलो, हॅलो, मॅडम, आवाज येतोय का?" चालू होते.

"येऊन राह्यला सर," शीला म्हणाली. "बाईनं नाई म्हनलं."

"मॅडम, भावनेच्या भरात निर्णय नका घेऊ. स्टॉल मर्यादित आहेत."

या वेळी मी गप्प बसलो नाही. माझ्या ठेवणीतल्या आवाजात म्हणालो, "साहेब, बाईचं नाव दारावर लावून आत दुसऱ्यानं राहायचं, याला आमच्या गावात काय म्हणतात ते मी फोनवर सांगत नाही." फोन बंद झाला. स्टॉलही गेला. आणि महिनाभराने तो लेख आला, ज्यात तेच 'सोपे, स्वच्छ पत्ते' संस्थेने दिले म्हणून लिहिले होते. मी शीलाला म्हणालो, दैनिकाला पत्र लिही. ती म्हणाली, "मास्तर, तुम्ही लिहा. मले पीकविम्याची शेवटची तारीख हाय."

प्रदर्शनाच्या दिवशीच चतुर्थी होती; ती गर्दी धरून बायका लखनच्या गाडीने कळंबला गेल्या, चिंतामणी गणपतीच्या देवळाच्या रस्त्याकडेला ताडपत्री टाकून बसल्या. नागपूरएवढी विक्री झाली नाही. झाली असे मी सांगणार नाही. पण प्रत्येक पिशवीच्या घडीत बायकांनी त्या तीन दिवसांत शिवलेल्या अठरा-वीस खुणा होत्या, आणि घेणाऱ्या पोरी तिथेच उभ्या राहून फोनवर पान उघडून बघत होत्या, आणि पानावरची बाई समोर बसलेली पाहून फोटो काढत होत्या.

तीन आठवड्यांनी शीलाचा फोन आला. "मास्तर, तांड्यावर या. जुन्या पिशवीवरून पहिलं मानूस आलं."

अमरावतीची कोणी निशिगंधा. तिने पाच ओळी, पंच्याहत्तर खुणा, हाताने टाइप केल्या होत्या. मानीबाईच्या पानावर तिने लिहिले होते ते शीलाने मोठ्याने वाचले: 'ताई, दोन वर्षांपूर्वी तुमची पिशवी घेतली होती. पट्टा तुटला आहे. आरसा पण एक पडला. काय करावं?'

कौतुकाचा शब्द ऐकायला जमलेल्या बायका एकमेकींकडे बघू लागल्या. मानीबाई ताठ झाली. तिचा चेहरा लाल झाला.

"पट्टा तुटला? माहा पट्टा? काय गिट्टी वाहिली काय तिनं त्यात?"

"याडी, गिऱ्हाईक हाय, हळू."

"हळू कायले? दुहेरी टाका हाय तो! लिही तिले." शीलाने फोन पुढे धरला. मानीबाई घागरा सावरून नीट बसली, आणि मला वाटले आता बाई त्या पोरीला चांगलीच फटकारणार.

"लिही. पट्टा तुटत नसते. पन तुटला म्हन्तेस तर पाठवून दे, नाई तर घेऊन ये. आरसा माह्याजवळ हाय, लावून देतो. अन् येशीन तर पिशवीत वजन कायचं टाकलं होतं थे खरं खरं सांगजो. दारव्ह्याले उतर, कोनालेही मानीबाई म्हन."